मंगळवार, चार ते सात

वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, नकाशांच्या कपाटाशेजारी
माझं टेबल. पुठ्ठ्याची पाटी: कर्जाविषयी विचारा, फुकट.
'फुकट'खाली कुणीतरी पेन्सिलनं रेघ मारलीय.

टोलेडोत मार्चमध्येही बर्फ असतो, काळा पडलेला,
पार्किंगच्या कडेला, कुणी न नेलेल्या सामानासारखा.
लोक बूट झटकत वर येतात
आणि आधी दुसऱ्याच कुणाबद्दल विचारतात.
माझ्या मेहुणीचं एक कार्ड आहे.
माझ्या ओळखीतल्या एकानं.
मी ऐकते. बावीस वर्षं काचकारखान्यात पगारपत्रकं केली,
आकडा कुणाचा, ते आवाजावरून कळतं.

सर्वांत जुनं कार्ड बंद केलं तर स्कोअर पडतो का?
पडू शकतो.
आणि नाही केलं तर?
तर ते खिशात राहतं.

किमान रक्कमच भरत राहिले तर किती वर्षं?
मी कॅल्क्युलेटर तिच्याकडे फिरवते.
ब्रायोनी स्टॅडलर, वय चोवीस, कार्डावर गादी घेतलेली.
ती आकडा बघते, बोटांवर काहीतरी मोजते,
"गादी आधी फाटेल," म्हणते, आणि आम्ही दोघी हसतो
वाचनालयात हसू नये इतक्या मोठ्यानं.

भावाच्या गाडीला जामीन राहिलेला एक जण
काहीच विचारत नाही. आपलीच सही
चष्मा काढून, चष्मा लावून बघत राहतो.

पावणेसातला ऑर्विल डोम्ब्रोव्स्की.
पावाच्या रिकाम्या पिशवीत पाकिटं, तारखेप्रमाणे लावलेली,
सगळी फोडून पुन्हा चिकटवलेली.
नऊ वर्षांपूर्वी बायकोची कवळी, हप्त्यावर.
दोन वर्षं ती त्या दातांनी हसली,
सफरचंदं खाल्ली, माझ्यावर ओरडली.
मग गेली. हप्ते राहिले.
आता एक बाई फोन करते. गोड बोलते.
म्हणते, वीसच डॉलर द्या, नुसता इरादा दिसू दे.

मी खुर्ची पुढे ओढते. हे मला पाठ आहे:
देऊ नका. एक सेंटही नाही. फोनवर हो म्हणू नका.
मुदत उलटलीय बहुधा, कोर्टात ते उभं राहायचं नाही;
वीस दिलेत तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.
मेलेलं कर्ज आहे ते, त्याच्या तोंडात पाणी घालू नका.

'मेलेलं' म्हणताना मी अडखळले. तो नाही.
"पण दात तर खरे होते," तो म्हणाला.
"म्हणजे खोटे. पण होते."

मी सांगत सुटले, कारण सांगता येत होतं:
दंतवैद्याचं दुकान उठलं, तिथे आता फोनची कव्हरं मिळतात.
कर्ज तीनदा विकलं गेलं, शेवटी रद्दीच्या भावानं,
हजारो अनोळखी नावांच्या गठ्ठ्यात.
"मग मी देणं लागतो कुणाचं?"

माझ्या फॉर्मवर बारा रकाने आहेत.
मी पान उलटून मागची बाजूही बघितली.
कायद्यानं कदाचित कुणाचंच नाही, म्हटलं.
त्यानं मान हलवली,
रेडिओवरचं हवामान ऐकून हलवतात तशी.

जिना उतरताना मला तो खाली दिसला.
काउंटरवर एक पुस्तक, सफरचंदांच्या कलमांचं,
बायकोच्या नावावर नेलेलं, अकरा वर्षं उशिरा,
आणि वर वीसची नोट.
मुलगी म्हणाली, दंड आम्ही केव्हाच बंद केले, आजोबा.
नोट त्याच्याकडे सरकवली. त्यानं पुन्हा तिच्याकडे.
असं दोनदा.
मग तो म्हणाला, शिक्का तरी मारा.

शिक्केही आता मारत नाहीत. तरी तिनं खण उपसले,
रबरबँड, किल्ल्या, कुणाचा तरी एक हातमोजा,
आणि तळाशी सापडला एक,
कुठल्याशा जुन्या ऑगस्टवर अडकलेला. शाई वाळलेली.
तिनं दोन्ही हातांनी दाबला.

त्यानं पान दिव्याकडे तिरकं धरलं.
बराच वेळ.